नांवाशेजारचें चित्र



अलीकडे आपल्या घरांतील लहानथोर मंडळी मोबाइलवरून एकमेकांस निरोप धाडतात, तेव्हां पाठविणाराच्या नांवाशेजारीं एक वाटोळें, चिमुकलें चित्र दिसतें. कोणी तेथें स्वतःची तसबीर लावतो, कोणी गणपती, कोणी अंगणांतलें जास्वंदीचें फूल. सणावारीं याच वाटेनें निरांजनाची ज्योत हलत असलेलीं आणि खालीं पाठविणाराचें नांव घातलेलीं शुभेच्छाचित्रें येतात. आपण तीं पाहतों आणि पुढें सरकतों. हीं चित्रें तयार कशीं होतात, तीं हलतात म्हणजे नेमकें काय होतें, आणि हें सर्व करतांना मूळ तसबिरीचें काय होतें, याविषयीं आज थोडें सांगावयाचें आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु घरोघरच्या पेट्यांतून निघालेल्या जुन्या तसबिरी सध्यां याच चरकांतून जात आहेत.

नांवाला चित्राची जोड देण्याची चाल आपल्याकडे नवी नाहीं. शनिवारवाड्याच्या आसपास राहणाऱ्या आम्हां लोकांस तर ती विशेष परिचयाची असावयास हवी. शिवाजीमहाराजांच्या पत्रांवर माथ्याशीं अष्टकोनी राजमुद्रा असे आणि मजकूर संपतां शेवटीं लहानशी मर्यादा-मुद्रा उमटवीत. पेशव्यांच्या कागदांवर याच ठिकाणीं 'लेखनसीमा' हीं अक्षरें असलेला शिक्का आढळतो. या शेवटच्या मुद्रेचें काम शोभेचें नव्हतें. लिहिणाराचें म्हणणें येथें संपलें, यापुढें एखादी ओळ दिसली तर ती दुसऱ्या कोणी घुसडलेली समजावी, असा तिचा अर्थ होता. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिच्याशीं काम पडणार आहे.

आतां हालचालीकडे वळूं. सुमारें दोनशें वर्षांपूर्वीं, १८२५ च्या सुमारास, लंडनमध्यें एक खेळणें विकत असत. पुठ्ठ्याच्या चकतीच्या एका बाजूस पक्षी आणि दुसऱ्या बाजूस रिकामा पिंजरा. दोन टोकांस दोन दोरे. दोरे पिळून चकती गरगर फिरविली कीं पक्षी पिंजऱ्यांत बसलेला दिसे. मुलांकडून हें खेळणें पांच मिनिटांत करून घेतां येतें. मात्र दुसऱ्या बाजूचें चित्र उलटें, म्हणजे डोकें खालीं, काढावें लागतें, हें सांगण्यास विसरूं नये. येथें दोन चित्रें डोळ्यांत मिसळून एक होतात. परंतु मिसळणें निराळें आणि हालणें निराळें. गणिताच्या वहीच्या कोपऱ्यांत पानोपानीं उडी मारणारा मनुष्य काढून अंगठ्यानें पानें सोडणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत (आणि त्या वह्या जप्तही केल्या आहेत). त्यांतील एकही चित्र हलत नसतें. पूर्वीं पुस्तकांतून असें शिकवीत कीं, प्रत्येक चित्राचा ठसा डोळ्यांवर क्षणभर राहतो आणि म्हणून चलन भासतें. तेवढ्यानें भागत नाहीं. ठसे नुसते एकावर एक साचते, तर त्यांचा चिखल झाला असता. माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञानें १९१२ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतून असें दिसून आलें कीं, थोड्या अंतरानें दाखविलेल्या दोन स्थिर आकृतींमध्यें पाहणारालाच एक चलन दिसूं लागतें. दोन चित्रांमधली रिकामी जागा आपण स्वतः भरतों. हलत्या चित्राची सर्व विद्या या रिकाम्या जागेची आहे.

आपल्या प्रांतांत ही विद्या कशी आली तें पाहण्यासारखें आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ सालीं 'शांबरिक खरोलिका' या नांवानें खेळ सुरू केले. काचेवर हातानें रंगविलेलीं चित्रें दिव्याच्या प्रकाशानें पडद्यावर टाकून ते कथा दाखवीत. पुढें वीस वर्षांनीं, म्हणजे वेर्टहायमरच्या त्याच १९१२ सालीं, त्र्यंबकेश्वरीं जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके विलायतेहून कॅमेरा घेऊन परतले. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटविणें जरूर होतें. त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला आणि महिन्याहून अधिक काळ ठराविक अंतरानें त्याचें एकेक चित्र घेतलें. तीं चित्रें सलग दाखवितांच बीं फुटून रोप वर चढतांना दिसलें. 'राजा हरिश्चंद्र' हा त्यांचा बोलपटपूर्व काळांतला चित्रपट ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत लागला, हें सर्वांस ठाऊक असतें. त्याआधींची ही वाटाण्याची कुंडी मात्र फारशी कोणाच्या स्मरणांत नसते. माझ्या मतें खरा धडा त्या कुंडींत आहे. फाळक्यांनीं रोप हालविलें नाहीं. तें वाढत होतेंच. त्यांनीं फक्त केव्हां पाहावें आणि केव्हां पाहूं नये एवढें ठरविलें. १९१५ सालीं त्यांनीं 'आगकाड्यांची मौज' हा लहानसा चित्रपट केला, त्यांत उलट प्रकार आहे. काडी आपण होऊन हलत नाहीं. ती तसूभर सरकवावयाची, एक चित्र घ्यावयाचें, पुन्हां सरकवावयाची. सेकंदास सोळा चित्रें धरलीं तर मिनिटभराच्या मौजेला ९६० चित्रें लागतात.

म्हणजे हलतें चित्र करण्याच्या दोन वाटा झाल्या. जी हालचाल खरोखर घडली तिच्यांतून क्षण वेंचणें ही एक, आणि जी घडली नाहीं ती क्षणाक्षणानें रचणें ही दुसरी. दोन्ही वाटा प्रामाणिक आहेत, मात्र आपण कोणत्या वाटेनें गेलों हें पाहणाराला कळलें पाहिजे. आगकाड्या खरोखरच चालल्या असें त्या काळींही कोणी मानलें नसेल.

पुण्याचें एक उदाहरण द्यावयाचें तर प्रभात फिल्म कंपनीचें देतां येईल. १९२९ सालीं कोल्हापुरांत स्थापन झालेली ही कंपनी १९३३ सालीं पुण्यास आली. तिच्या जागेंत आतां फिल्म इन्स्टिट्यूट आहे. १९३४ सालीं प्रभातनें 'जंबूकाका' हें रेखाटलेल्या चित्रांचें हलतें व्यंगचित्रही पडद्यावर आणलें. परंतु मला येथें सांगावयाचें आहे तें प्रभातच्या बोधचिन्हाविषयीं. तुतारी फुंकणारी ती स्त्री टपालाच्या तिकिटाएवढी लहान केली, तरी चटकन् ओळखूं येते. कारण तिची बाह्यरेषा स्पष्ट आहे: मागें झुकलेली पाठ आणि वर गेलेली लांब तुतारी. चेहरा दिसला नाहीं तरी अडत नाहीं. नांवाशेजारच्या चित्राला हीच कसोटी लावावी. डोळे किंचित् मिटून तें हातभर अंतरावरून पाहावें; आकार ओळखूं आला तर चित्र चांगलें. कुटुंबांतील अकरा माणसें, मागें सिंहगड आणि वर मावळता सूर्य, असें सर्व त्या नखाएवढ्या वर्तुळांत कोंबणारांना काय म्हणावें!

वर्तुळावरून थोडें गणित आठवलें. मोबाइलच्या पडद्यावरील चित्र हें बारीक चौकोनी ठिपक्यांचें असतें. प्रत्येक ठिपक्यास पिक्सेल म्हणतात आणि प्रत्येकाच्या रंगाचा आंकडा यंत्र लिहून ठेवतें. चार हजार ठिपके रुंद आणि तीन हजार उंच अशा तसबिरींत एक कोटी वीस लक्ष ठिपके झाले. त्याच तसबिरींतला दोनशें ठिपके रुंद व तितकाच उंच एक चेहरा कापून घेतला, तर हातीं फक्त चाळीस हजार उरतात. पुढें तो कितीही मोठा करून पाहिला तरी नवे ठिपके येत नाहींत. यंत्र शेजारच्या रंगांवरून अंदाजानें भर घालतें. शिवाय चौरसांत मावणारें मोठ्यांत मोठें वर्तुळ घेतलें, तरी शेंकडा साडेएकवीस भाग चार कोपऱ्यांत गळतो. म्हणून चेहरा मध्यावर ठेवावा आणि केंसांच्या वर थोडी मोकळी जागा सोडावी.

आतां निरांजनाची ज्योत हलविण्याची कृति. मोबाइल तिवईवर किंवा पुस्तकांच्या चळतीवर घट्ट बसवावा. तो हातांत धरला तर ज्योतीबरोबर सगळा देव्हारा नाचूं लागेल. तीन तसबिरी घ्याव्या: ज्योत डावीकडे झुकलेली, सरळ, आणि उजवीकडे झुकलेली. त्या डावी, सरळ, उजवी, सरळ अशा क्रमानें लावाव्या. डावी, सरळ, उजवी एवढेंच लावलें, तर उजवीवरून एकदम डावीवर येतांना हिसका बसतो. शेवटचें चित्र पहिल्याकडे सहज परत गेलें पाहिजे, कारण हें रहाट अखंड फिरत असतें. अशा चित्रांसाठीं बहुतेक ठिकाणीं जिफ नांवाचा साठवणीचा प्रकार वापरतात. तो अमेरिकेंतील कॉम्प्युसर्व्ह कंपनीनें १९८७ सालीं आणला. प्रत्येक चित्र किती वेळ दाखवावयाचें हें त्यांत सेकंदाच्या शतांशांत लिहितां येतें. ज्योतीसाठीं बारा ते पंधरा शतांश ठीक. समई, फुलें, तबक यांचा जो भाग बदलत नाहीं तो पुनःपुन्हां न साठवतां केवळ ज्योतीचा तुकडाच साठवतां येतो, म्हणजे चित्र हलकें राहतें.

या प्रकाराची एक मर्यादा आहे. त्याच्या एका चित्रांत फार तर २५६ रंग मावतात. सपाट रंगाच्या आकाशकंदिलाला ते पुरून उरतात. परंतु पैठणीची धूपछांव किंवा गालावरची हळूहळू उतरणारी सावली घ्या, ती पट्ट्यापट्ट्यांची दिसूं लागते. म्हणून तसबिरीपेक्षां रेखाटलेलें चित्र येथें शोभतें. आणखी एक सूचना गंभीर आहे. सेकंदांत तीन वेळांहून अधिक लखलखणारें चित्र करूं नये. १६ डिसेंबर १९९७ रोजीं जपानांत मुलांच्या एका व्यंगचित्र-कार्यक्रमांत तांबडा व निळा प्रकाश भराभर चमकला आणि सहाशेंहून अधिक प्रेक्षकांना, त्यांत बहुतेक मुलेंच, रुग्णालयांत न्यावें लागलें. ज्यांना अपस्माराची प्रवृत्ति आहे त्यांना अशा लखलखाटानें झटका येऊं शकतो.

येथवर हातच्या कौशल्याची गोष्ट झाली. आतां तसबिरींविषयीं.

आमच्या वडिलांची तरुणपणची एकच तसबीर आहे. ते खुर्चीवर बसले आहेत आणि मागें त्यांची थोरली बहीण, आमची आत्या, उभी आहे. तिचा उजवा हात वडिलांच्या खांद्यावर आहे. आत्या लवकर गेली. तिची दुसरी तसबीर कोठेंही नाहीं. घरांतील एका तरुणानें मोठ्या प्रेमानें वडिलांचा चेहरा वर्तुळांत कापला, डाग पुसले, रंग भरले आणि तें चित्र सर्व नातेवाइकांस पाठविलें. चित्र सुरेखच झालें. मात्र वडिलांच्या खांद्यावर चार बोटें राहिलीं. एका लहान मुलीनें विचारलें, "आजोबा, हीं बोटें कोणाचीं?" तेव्हां ती मूळ तसबीर पेटींतून काढून तिला दाखवितां आली. पुढल्या खेपेस कोणी तीं बोटेंही पुसून टाकील. हल्लीं त्याला एका टिचकीहून अधिक श्रम पडत नाहींत. मग विचारण्यासारखें कांहीं उरणार नाहीं.

तसबीर कापूं नये असें मी म्हणत नाहीं. कापलेली प्रत हिंडते आणि मूळ तसबीर पेटींत कसर खाते, ही अडचण आहे. त्यांतच प्रत हिंडतांना आणखी झिजते. व्हॉट्सॲप पाठवितांना चित्र लहान करतें, आणि जेपेग या नेहमींच्या प्रकारांत प्रत्येक नव्या साठवणीबरोबर कांहीं बारकावे गाळले जातात. दहा हातांतून गेलेली तसबीर म्हणजे दहा वेळां उगाळलेलें खोड.

याहून नाजूक प्रश्न जुन्या तसबिरी हालविण्याचा आहे. २०२१ सालीं मायहेरिटेज नांवाच्या वंशावळी जुळविणाऱ्या कंपनीनें 'डीप नॉस्टॅल्जिया' ही सोय काढली. मृत आजीची स्थिर तसबीर दिली कीं ती मान वळवते, पापण्या मिटते, मंद हसते. पुष्कळांच्या डोळ्यांना पाणी आलें, आणि त्यांत हसण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु ही हालचाल येते कोठून? आजीची तर नव्हे. दुसऱ्याच माणसांच्या आधीं घेऊन ठेवलेल्या चलच्चित्रांचा नमुना यंत्र त्या चेहऱ्यावर बसवितें. ओठ मिटलेल्या तसबिरींत दांत दिसले तर ते यंत्राचे. मान वळल्यावर दिसणारा कान यंत्राचा. गैरवापर होईल म्हणून त्या कंपनीनें तेव्हां चेहऱ्यांना बोलतें मात्र केलें नाहीं. पुढें खुद्द त्याच कंपनीनें तेंही केलें.

फाळक्यांच्या कुंडींत दोन चित्रांमधली जागा पाहणारा भरीत होता, आणि दोन्ही बाजूंचीं चित्रें खरीं होतीं. येथें एकाच खऱ्या चित्रापुढें यंत्र शेंकडों कल्पित चित्रें जोडतें. आजीला पाहिलेल्या मुलांना फरक कळतो. ज्यांनीं तिला कधींच पाहिलें नाहीं त्यांच्या मनांत आजी कायमची परक्या बाईसारखी हसेल. मजकुराखालीं मर्यादा-मुद्रा असल्यावर घुसडलेली ओळ उघडी पडे; तसबिरीखालीं अशी मुद्रा आपणच घालावी लागेल.

ती घालणें सोपें आहे. मूळ तसबीर दिवसाच्या उजेडांत, चमक न येऊं देतां, चारी कडा आणि पाठीमागची बाजू यांसह उतरवून घ्यावी. पाठीवर पुष्कळदां फोटोग्राफरचा शिक्का, गांव आणि साल असतें. त्या नोंदीला हात लावूं नये. कापणें, रंगविणें, हालविणें जें करावयाचें तें दुसऱ्या प्रतीवर करावें. मूळ प्रत नातेवाइकांस पाठवितांना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवितां डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, म्हणजे ती लहान होत नाहीं. बदललेल्या चित्राखालीं बारीक अक्षरांत काय बदललें तें लिहावें: 'रंग नवे', 'मागील व्यक्ति वगळली', 'हालचाल यंत्राची'. आमच्या घरीं वडिलांच्या त्या वर्तुळाखालीं आतां 'खांद्यावरील हात आत्याचा' असें लिहिलें आहे, आणि पूर्ण तसबीर त्याच्या जोडीला पाठविली जाते.