काच धुरकटते तेव्हा : गाडीचा डीफ्रॉस्टर कुठे अडतो आणि कसा दुरुस्त करायचा

आजचा विषय छोटा वाटेल, पण अहेरीत गाडी चालवणाऱ्याला तो छोटा नाही. समोरची काच धुरकटली, डीफ्रॉस्टरचं बटण दाबलं, तरी साफ होत नाही. मग काय करायचं?

आपल्याकडे काचेवर बर्फ जमत नाही, मग डीफ्रॉस्टर कशाला, असं कुणी म्हणेल. पण प्राणहितेकाठचा पावसाळा आठवा, जंगलातली डिसेंबरची पहाट आठवा. आलापल्लीहून सिरोंच्याकडे किंवा भामरागडकडे जाताना दोन्ही बाजूंना जंगल, मधेच रस्त्यावर गुरं नाहीतर रानडुक्कर. रात्री अहेरीहून पेशंटला गडचिरोलीला न्यायचं तर शंभरेक किलोमीटर. ताशी 50 किलोमीटर वेगाने गाडी दहा सेकंदांत सुमारे 140 मीटर जाते. तेवढं अंतर न बघता जायचं का, हा खरा प्रश्न आहे.

आधी बघा, पाणी कुठल्या बाजूला आहे

हवा जितकी गरम, तितकी जास्त वाफ ती धरते. 25 अंशांची हवा घनमीटरला साधारण 23 ग्रॅम वाफ धरू शकते, 10 अंशांची साडेनऊ ग्रॅमच्या आसपास. दमट हवा थंड काचेला टेकली की जास्तीची वाफ बारीक थेंब होऊन तिथेच बसते.

म्हणून पहिली तपासणी बोटाने करायची. काचेवर आतून बोट फिरवा. रेघ उमटली तर पाणी आत आहे. नाही उमटली तर ते बाहेर आहे, आणि तुमचा डीफ्रॉस्टर बहुतेक ठणठणीत आहे. पावसाळ्यात एसीची थंड हवा काचेवर सोडली की काच गार पडते आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर जमते. अशा वेळी वायपर फिरवा, हवेची दिशा काचेवरून काढा, तापमान वाढवा. गॅरेजला जायची गरज नाही.

आतून धुरकटत असेल तर

समोरचा डीफ्रॉस्टर हे वेगळं यंत्र नाही. त्यात चार कामं साखळीने होतात: हवा ढकलणं, ती काचेकडे वळवणं, कोरडी करणं आणि गरम करणं. यातली कुठली कडी तुटली, ते त्याच क्रमाने शोधायचं.

एक, ब्लोअर. अजिबात फिरत नसेल तर आधी फ्यूज बघा. नवा फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा टाका. मोठा टाकला तर फ्यूजऐवजी वायर जळते. ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडवर चालत असेल तर बहुतेक गाड्यांत रेझिस्टर गेलेला असतो. मोटर बदलायची घाई नको. आवाज मोठा पण हवा कमी, तर केबिन फिल्टर काढून बघा. आपल्या रस्त्यांची धूळ आणि काचेखालच्या जाळीत साचलेला पाला, दोन्ही हवेची वाट अडवतात.

दोन, झडप. हवा पायाशी येते पण काचेकडे जात नाही, तर आतली झडप फिरत नाही. जुन्या गाडीत केबल निसटते, नव्या गाडीत छोटी मोटर बंद पडते. नॉब फिरवताना डॅशबोर्डमागे टकटक ऐकू आली तर त्या मोटरचे दाते झिजलेले असू शकतात.

तीन, कोरडेपणा. इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. आतलीच हवा फिरवायचं बटण दाबलेलं असेल तर आपल्या श्वासातली आणि ओल्या कपड्यांतली वाफ आतच राहते. ते बंद करा, बाहेरची हवा घ्या आणि हिवाळ्यातही एसी चालू ठेवा. एसीच्या थंड कॉइलवर पाणी गळून पडतं आणि कोरडी हवा पुढे जाते. पायाखालची मॅट ओली राहत असेल तर एसीच्या पाण्याची नळी तुंबली आहे का, ते तपासा.

चार, ऊब. इंजिन तापलं तरी हवा गारच येते, तर कूलंटची पातळी बघा, पण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येतं. कूलंट बरोबर असेल तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय का, ते मेकॅनिककडून बघून घ्या. काचेवर तेलकट थर आणि गोडसर वास येत असेल तर हिटरचा छोटा रेडिएटर गळतोय. ते काम लांबवू नका, कारण तेच कूलंट इंजिनही थंड ठेवतं.

मागची काच

मागच्या काचेवरच्या रेघा म्हणजे तापणाऱ्या तारा. एकच पट्टा धुरकट राहिला तर ती एक रेघ तुटली आहे. सगळ्याच बंद असतील तर फ्यूज, रिले किंवा काचेच्या कडेचं कनेक्शन तपासा.

तुटलेली जागा मल्टीमीटरने सापडते. इंजिन आणि डीफ्रॉस्टर चालू करा, काळी पिन बॉडीला लावा, लाल पिन रेघेवरून हळूहळू सरकवा. चांगल्या रेघेवर आकडा बारा-तेरा व्होल्टवरून शून्याकडे हळूहळू उतरतो. जिथे एकदम पडतो तिथे तूट. डीफ्रॉस्टर बंद करून ती जागा स्पिरिटने पुसा, रेघेच्या वर-खाली टेप लावा आणि वीज वाहणारा चांदीचा पेंट भरा. डबीवर लिहिलेला वेळ पूर्ण वाळू द्या. साधा गोंद चालत नाही, त्यातून वीज जात नाही. आणि ही काच पुसायची ती रेघांच्या दिशेने, आडवी.

वाटेतच काच गेली तर

आधी वेग कमी करा आणि सुरक्षित जागी बाजूला थांबा. दोन्हीकडच्या काचा थोड्या उघडा, एसी आणि ऊब दोन्ही चालू करा, हवा काचेवर सोडा. हाताने पुसू नका, तळव्याचं तेल लागलं की समोरच्या दिव्यात काच आणखी चमकते. स्वच्छ कोरडं कापड गाडीत ठेवा. आणि पावसाळ्याआधी काच एकदा आतून नीट धुऊन घ्या, कारण मळक्या काचेवर वाफ लवकर धरते. यातली निम्मी कामं पैसे न घालता होतात. बाकीची करताना मेकॅनिकला नेमकी कुठली कडी तुटली ते सांगता आलं, तर तुमचा वेळ वाचेल आणि त्याचाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.