संघ खरे, मैदाने खरी. नावे मात्र खोटी!
अमेरिकेतील एका जुन्या व्हिडिओ गेमने उभा केलेला प्रश्न : खेळाडूचे नाव कुणाच्या मालकीचे?

निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९९४ साली आपल्या ‘सुपर निन्टेन्डो’ या यंत्रासाठी बेसबॉलचा एक खेळ बाजारात आणला. ‘केन ग्रिफी ज्युनियर प्रेझेंट्स मेजर लीग बेसबॉल’ असे त्याचे लांबलचक नाव होते. टीव्हीला जोडलेल्या यंत्रात कॅसेट सरकवली की अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचे तेव्हाचे सर्व २८ संघ आपापल्या खऱ्या नावांनिशी, बोधचिन्हांनिशी आणि गणवेशांनिशी पडद्यावर हजर होत. मैदानेही खऱ्या मैदानांच्या धर्तीवर चितारलेली होती. खेळाडूंचे कौशल्य त्या त्या संघातील प्रत्यक्ष खेळाडूंच्या कामगिरीशी जुळणारे होते. मात्र या शेकडो खेळाडूंपैकी खरे नाव एकाचेच होते, ते म्हणजे सिअ‍ॅटल मरिनर्स संघाच्या केन ग्रिफी ज्युनियरचे. बाकी सारी नावे कल्पित होती.

हा निष्काळजीपणा नव्हता आणि विनोदही नव्हता. अमेरिकेतील क्रीडाव्यवसायात संघाचे नाव आणि खेळाडूचे नाव या दोन वेगवेगळ्या मालकीच्या वस्तू आहेत. ही विभागणी कशी झाली, तिच्यामागे खेळाडूंच्या कामगार संघटनेचा कोणता लढा होता आणि नाव वगळले म्हणजे माणूस वगळला असे म्हणता येते का, हे प्रश्न या जुन्या कॅसेटच्या निमित्ताने समजून घेण्याजोगे आहेत.

दोन दारे, दोन किल्ल्या

बेसबॉलवर आधारित खेळ काढू इच्छिणाऱ्या कंपनीला दोन परवाने घ्यावे लागतात. संघांची नावे, बोधचिन्हे, गणवेश यांचा हक्क संघमालकांच्या वतीने मेजर लीग बेसबॉल ही संस्था सांभाळते. खेळाडूंची नावे आणि छबी यांचा सामूहिक हक्क मेजर लीग बेसबॉल प्लेयर्स असोसिएशन या खेळाडूंच्या संघटनेकडे असतो. एक परवाना मिळाला म्हणून दुसरा आपोआप मिळत नाही.

या विभागणीचे चमत्कारिक परिणाम १९८८ सालीच दिसले होते. त्या वर्षी निन्टेन्डोच्या पहिल्या आठ-बिटी यंत्रावर बेसबॉलचे दोन खेळ आले. टेंजेन कंपनीच्या ‘आर. बी. आय. बेसबॉल’कडे खेळाडूंच्या संघटनेचा परवाना होता, संघमालकांचा नव्हता. त्यामुळे त्यात खेळाडू खऱ्या नावाने खेळत. संघ मात्र बोस्टन, डेट्रॉइट, ह्यूस्टन अशा केवळ शहरांच्या नावांनी ओळखले जात. मूळ खेळ जपानच्या नामको कंपनीचा, त्यातील खेळाडूंच्या आकृत्या गोलमटोल, एकाच साच्यातून काढल्यासारख्या. तरीही १९८७च्या मोसमात १०९ वेळा बेस चोरणारा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला चकवून धावत पुढचा टप्पा गाठणारा सेंट लुईसचा व्हिन्स कोलमन पडद्यावरही तसाच सुसाट धावे, आणि नाव वाचताच मुले त्याला ओळखत.

एलजेएन कंपनीच्या ‘मेजर लीग बेसबॉल’ची तऱ्हा नेमकी उलट. तिच्याकडे संघमालकांचा परवाना होता, खेळाडूंच्या संघटनेचा नव्हता. संघ खरे होते, पण खेळाडूच्या जागी त्याच्या पाठीवरचा क्रमांक तेवढा दिसे. एकाच वर्षी, एकाच यंत्रावर, एका खेळात घराला पाटी नाही आणि दुसऱ्यात घरातल्या माणसांना नावे नाहीत, असा हा प्रकार होता.

च्युइंगमच्या पाकिटातून न्यायालयात

नावाला आणि छबीला स्वतंत्र किंमत असते, हा विचार अमेरिकी कायद्यात आला तोच मुळी बेसबॉलच्या वाटेने. च्युइंगमच्या पाकिटात खेळाडूंची छोटी छायाचित्रे घालून विकण्याची तेथे जुनी पद्धत. हेलन लॅबोरेटरीज आणि टॉप्स या दोन कंपन्यांत अशा छायाचित्रांवरून तंटा झाला आणि १९५३ साली अपील न्यायालयाचे न्यायाधीश जेरोम फ्रँक यांनी निकाल दिला. एकांतात राहू देण्याच्या हक्काहून निराळा असा, आपल्या छायाचित्राच्या व्यापारी वापराला परवानगी देण्याचा हक्क प्रसिद्ध व्यक्तीला असतो, असे त्यांनी म्हटले. ‘राइट ऑफ पब्लिसिटी’ ही संज्ञा या निकालातून रूढ झाली.

हक्क मान्य झाला, पण त्याचे मोल पदरात पडायला आणखी दीड दशक जावे लागले. कनिष्ठ श्रेणीतील होतकरू खेळाडूंना टॉप्स कंपनी पाच डॉलर देऊन करारात बांधून घेई आणि ते वरच्या श्रेणीत पोहोचल्यावर वर्षाला १२५ डॉलर देई. १९६६ मध्ये मार्विन मिलर खेळाडूंच्या संघटनेचे कार्यकारी संचालक झाले. ते पोलाद कामगारांच्या संघटनेत मुरलेले अर्थतज्ज्ञ होते. एकेकटा खेळाडू कंपनीपुढे दुबळा ठरतो. सर्वांनी मिळून एकच करार केला तर कंपनीला दुसरा मार्ग उरत नाही, हे त्यांनी ओळखले. खेळाडूंनी टॉप्सच्या करारांचे नूतनीकरण थांबवले. अखेर १९६८ मध्ये कंपनीने खेळाडूंचे वार्षिक मानधन दुप्पट केले आणि विक्रीतील टक्केवारीही मान्य केली.

या सामूहिक व्यवस्थेत परवान्यांचे उत्पन्न खेळाडूच्या लोकप्रियतेप्रमाणे वाटले जात नाही. मोसमातील जितके दिवस खेळाडू संघात असतो, त्या प्रमाणात त्याला वाटा मिळतो. दिगंत कीर्तीचा फलंदाज आणि बाकावर बसून राहिलेला राखीव खेळाडू दोघेही पूर्ण मोसम संघात असतील, तर दोघांचा वाटा सारखाच. व्हिडिओ गेमच्या परवान्याचा पैसाही याच गंगाजळीत जमा होऊ लागला.

ग्रिफीच का?

संघटनेचा सामूहिक परवाना लागतो तो दोनपेक्षा अधिक खेळाडूंची नावे वापरायची असतील तेव्हा. एखाद्या खेळाडूशी जाहिरातीसारखा स्वतंत्र करार कंपनी करू शकते. ग्रिफीचे एकमेव खरे नाव त्या कॅसेटमध्ये येऊ शकले त्याचे रहस्य या नियमात आहे.

निवड ग्रिफीचीच व्हावी यालाही कारण होते. निन्टेन्डोचे तत्कालीन अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी १९९२ मध्ये सिअ‍ॅटल मरिनर्स या संघातील मोठा हिस्सा विकत घेतला होता. कंपनीचे अमेरिकेतील मुख्यालय सिअ‍ॅटलजवळच्या रेडमंड येथे. संघ शहराबाहेर जाण्याची भीती असताना हा व्यवहार झाला. जपानी मालकाच्या कल्पनेने काही काळ वादळही उठले. त्या संघाचा लाडका तारा म्हणजे विशीतला ग्रिफी. १९९० मध्ये तो आणि त्याचे वडील एकाच संघातून खेळले होते आणि एका सामन्यात पाठोपाठ दोघांनी होम रन मारले होते. १९९३ मध्ये सलग आठ सामन्यांत होम रन मारून त्याने विक्रमाशी बरोबरी साधली. अशा खेळाडूचे नाव वेष्टणावर असताना बाकीची नावे नसली तरी कॅसेट खपेल, हा हिशेब चुकीचा नव्हता.

हा खेळ इंग्लंडमधील मँचेस्टरच्या सॉफ्टवेअर क्रिएशन्स या कंपनीने तयार केला. उरलेल्या खेळाडूंसाठी नावे शोधताना तिने मौज केली. काही संघांत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची, काहींत चित्रपटांशी संबंधित नावे भरलेली आढळतात. पण फलंदाजी, ताकद, धावण्याचा वेग आणि क्षेत्ररक्षण यांचे गुणांक पाहिले की जाणकार चाहत्याला खरा माणूस कोण, हे उमगे. शिवाय नावे बदलून कॅसेटमध्ये साठवून ठेवण्याची सोयही होती. चिकाटीची मुले वर्तमानपत्रातील संघांच्या याद्या समोर घेऊन एकेक नाव दुरुस्त करीत. कंपनीला जे छापता येत नव्हते, ते गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने लिहून घेत होते.

संपाचे वर्ष

ही कॅसेट बाजारात आली त्याच वर्षी, १२ ऑगस्ट १९९४ रोजी, मेजर लीगचे खेळाडू संपावर गेले. संघांच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा घालण्याचा मालकांचा प्रस्ताव त्यांना मान्य नव्हता. मोसम तेथेच थांबला. ग्रिफीच्या नावावर तेव्हा ४० होम रन होते. सप्टेंबरमध्ये वर्ल्ड सिरीज ही अंतिम स्पर्धाही रद्द झाली. १९०४ नंतर प्रथमच ती झाली नाही. दोन महायुद्धांतही तिच्यात खंड पडला नव्हता. घरातल्या पडद्यावर मात्र १६२ सामन्यांचा मोसम कुणालाही पुरा करता येत होता.

संप २३२ दिवस चालला. एवढा काळ खेळाडू टिकून राहिले त्यामागे परवान्यांचा पैसा होता. संपाची चिन्हे दिसू लागताच संघटनेने हे उत्पन्न सदस्यांना न वाटता निधी म्हणून राखून ठेवले होते. च्युइंगमची चित्रे आणि व्हिडिओ गेम यांवर मुलांनी खर्च केलेल्या खाऊच्या पैशातून मालकांविरुद्धच्या लढ्याला बळ मिळाले. नावाचा हक्क संघटनेने इतक्या कसोशीने का जपला, याचे उत्तर यात सापडते.

त्या लढ्याच्या खुणा नंतरच्या खेळांतही उमटत राहिल्या. १९९५ च्या वसंतात मालकांनी सरावासाठी बदली खेळाडू उभे केले. त्यांना संघटनेने पुढे सदस्यत्व दिले नाही. त्यांपैकी केव्हिन मिलर २००४ मध्ये विजेत्या बोस्टन संघात होता, परंतु परवानाधारक व्हिडिओ गेममध्ये त्याचे नाव येऊ शकले नाही. बॅरी बाँड्सची गोष्ट वेगळी. तो स्वेच्छेने सामूहिक परवान्यातून २००३ मध्ये बाहेर पडला. आपल्या नावाचा सौदा त्याला स्वतः करायचा होता. परिणामी ‘एमव्हीपी बेसबॉल २००५’मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संघात ‘जॉन डाउड’ नावाचा, कुणी न ऐकलेला पण अफाट ताकदीचा फलंदाज अवतरला!

नाव गाळले, माणूस उरला

नाव बदलले पण आकडे तेच ठेवले, तर हक्काचा भंग होतो का? या प्रश्नाची दोन अंगे न्यायालयांपुढे आली. खेळाडूंची नावे आणि आकडेवारी वापरून चालणाऱ्या ‘फँटसी’ स्पर्धांबाबत अमेरिकेच्या आठव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने २००७ मध्ये निकाल दिला, की ही माहिती सर्वांसाठी खुली आहे आणि तिचा असा वापर अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसतो.

पडद्यावर धावणाऱ्या आकृतीला मात्र हा न्याय लागू झाला नाही. ईए कंपनीच्या महाविद्यालयीन फुटबॉल खेळांत खेळाडूंची नावे नव्हती. पण उंची, बांधा, पाठीवरचा क्रमांक, खेळण्याची शैली सारे खऱ्या विद्यार्थ्यांचे होते. रायन हार्ट आणि सॅम केलर या माजी खेळाडूंच्या दाव्यांत दोन अपील न्यायालयांनी २०१३ मध्ये कंपनीचा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा बचाव अमान्य केला. माणसाची ओळख नावापुरती नसते, हाच त्या निकालांचा मथितार्थ.

भारतीय वाचकांना हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. ‘क्रिकेट ०७’ या गाजलेल्या खेळात भारतीय संघाचा परवाना नसल्याने आपल्या खेळाडूंची नावे बदललेली होती आणि ती दुरुस्त करणाऱ्या याद्या इंटरनेटवरून उतरवून घेणे हा त्या पिढीतील तरुणांचा आवडता उद्योग होता. क्रिकेटपटूंच्या डिजिटल कार्डांवरून रारिओ आणि एमपीएल यांच्यात झालेल्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अंतरिम मनाई नाकारली. जाहीर असलेली नावे व आकडे, तसेच खेळाडूंची रेखाटने वापरण्यास हरकत नाही, असे मत न्यायालयाने नोंदवले. १९५३ मधील च्युइंगमच्या चित्रांचाच हा आधुनिक अवतार. फरक एवढाच, की २०१९ मध्ये स्थापन झालेली भारतीय क्रिकेटपटूंची संघटना निवृत्त खेळाडूंची आहे. सध्या खेळणाऱ्यांच्या वतीने एकमुखाने करार करणारी, तारा आणि राखीव खेळाडू यांना समान वाटा देणारी यंत्रणा आपल्याकडे उभी राहिलेली नाही.

केन ग्रिफी ज्युनियर ६३० होम रन मारून निवृत्त झाला आणि २०१६ मध्ये ९९.३ टक्के मतांनी बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये दाखल झाला. त्याचे नाव असलेली ती कॅसेट जुन्या खेळांच्या शौकिनांना आजही प्रिय आहे. तिच्यातील शेकडो खोटी नावे पाहून हसू येते खरे. पण आपले नाव आपल्या संमतीशिवाय विकू देणार नाही, असे म्हणण्याची ताकद खेळाडूंनी एकजुटीने कमावली होती, याची ती साक्षही आहे.