रुक्मिणीचे पत्र आणि भरतीचे गणित

उपवर मुलीला मनाजोगता नवरा मिळावा म्हणून आपल्याकडे 'रुक्मिणी स्वयंवरा'ची पोथी वाचायला बसवण्याची रीत आहे. माझ्या आईने ती वाचली होती, दोन्ही बहिणींनी वाचली. पाट मांडून, निरांजन लावून, रोज ठरावीक ओव्या. सोळाव्या शतकात एकनाथांनी रचलेल्या या ग्रंथात नेमके घडते काय, याचा विचार मात्र वाचायला बसवणाऱ्या कोणाही वडीलधाऱ्याने केलेला मला आठवत नाही. थोरल्या भावाने ठरवलेले लग्न मोडून, देवीच्या देवळाच्या दारातून, लग्नाच्या आदल्या दिवशी एक मुलगी आपल्या पसंतीच्या पुरुषाच्या रथात चढते, ही ती कथा! आणि ती वाचून आईबापांना हवा असतो तो जावई पत्रिका जुळणारा, ओळखीतला, शक्यतो तालुक्याच्या गावचा.

बरे, रुक्मिणीचे जाणे हे भावनेच्या भरात उठून पळणे नव्हते. भागवताच्या दहाव्या स्कंधात तिचे सात श्लोकांचे पत्र आहे, ते कधी शांतपणे वाचावे. त्यात प्रेम आहे, त्याहून अधिक व्यवस्था आहे. मी अंतःपुरात आहे, तेथून न्याल तर माझे आप्त मारले जातील. म्हणून आमच्या कुळाच्या रीतीप्रमाणे वधू आदल्या दिवशी नगराबाहेर अंबिकेच्या दर्शनाला जाते, तेथे या, असे ती कळवते. वेळ, जागा, येण्याजाण्याची वाट, कोणाला इजा होऊ नये याची काळजी, सारे त्यात आहे. तिचे माहेर कौंडिण्यपूर, अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी. आम्हां हिंगोलीकरांना वऱ्हाड शेजारचेच, तेव्हा ती आमच्या अंगणातली म्हणायला हरकत नाही. आणि लग्न लागले कोठे? भागवत द्वारका सांगते; गुजरातेत मात्र पोरबंदरजवळच्या माधवपूर या समुद्रकाठच्या लहानशा गावी लागले असे मानतात. तेथे रामनवमीपासून त्या लग्नाची जत्रा भरते. म्हणजे कोरड्या मुलखातली मुलगी आणि समुद्रकाठचे लग्न, ही कल्पना काही आजची नाही.

हे सारे मला गेल्या वर्षी पुतणीला सांगावे लागले, त्याला कारण घडले. ती हिंगोलीतल्याच एका शाळेत शिकवते. मुलगा गुहागरकडचा, येथल्या एका बँकेत बदलून आलेला, जातीने निराळा. तिने कोठेसे पाहिले होते की, परदेशात हल्ली लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्यांच्या किनारी गावात चारदोन माणसे घेऊन लग्न करतात आणि त्यालाही 'इलोपमेंट'च म्हणतात. पळून जाणे नव्हेच ते, सुटसुटीत ठरवून केलेले लग्न. "काका, आम्हाला तसंच पाहिजे. गुहागरला, वाळूवर, बारा माणसांत. बाबांना मागाहून सांगू."

"मागाहून कसं सांगणार बाळ," मी म्हटले, "कायदाच आधी सांगतो."

येथे वाचकांनी थोडे लक्ष द्यावे, कारण सिनेमा पाहून पुष्कळांची समजूत उलटी झालेली असते. 1954 च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचे तर दोघांपैकी एकाचा तरी ज्या जिल्ह्यात लगतचा किमान तीस दिवस मुक्काम आहे, तेथल्या विवाह अधिकाऱ्याकडे लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणजे गुहागरला एका दिवसात जाऊन हे होण्यासारखे नाही. आमच्या जोडप्याला हिंगोलीच. ती नोटीस कचेरीत दर्शनी जागी लावतात. मुलाचे कायमचे घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तिची नक्कल तिकडच्या अधिकाऱ्याकडेही जाते. तीस दिवस वाट पाहायची, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न उरकायचे, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. हरकत कोणीही घेऊ शकतो. पण ती वयाची, आधीचा जोडीदार हयात असल्याची, निषिद्ध नात्याची, अशा कायद्यातल्या कारणांवर. बापाचा राग हे कारण त्या यादीत नाही. 2006 साली लता सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्टच सांगितले की, सज्ञान मुलामुलीचे लग्न पसंत नसेल तर आईवडिलांनी फार तर संबंध तोडावेत. धाकदपटशा करता येणार नाही.

कायदा भला आहे, पण आमचे गाव लहान. कचेरीत सातबाराच्या कामाला आलेला माणूसही फळ्यावर नजर टाकतो. तेव्हा नोटीस लागल्यावर सायंकाळपर्यंत ती माझ्या थोरल्या भावाच्या दुकानी पोचणार, हे उघड होते. याच भीतीने कितीतरी मुले देवळात हार घालून मोकळी होतात, आणि पुढे कागदाच्या वेळी अडतात. हिंदू विवाह कायद्याखाली लावायचे तर विधी खरोखर व्हावे लागतात. विधी न करता नुसते प्रमाणपत्र आणले तर ते लग्न नव्हे, असे 2024 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे.

मी तिला सांगितले, रुक्मिणीसारखे पत्र लिही, फक्त पत्ता बदल. मुलाला कशाला, तो तर तयारच आहे. बापाला लिही. फळ्यावर वाचण्याआधी त्यांना तुझ्या अक्षरात वाचू दे.

तिने लिहिले. घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यात वहिनींनी ते दादांच्या ताटाशेजारी ठेवले. दादा वाचून उठले, न जेवता. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "पोरगं वाईट नाही, मी बँकेत पाहिलंय त्याला. पण चाळीस वर्षं मी लोकांच्या पंगतीत जेवलोय. आहेर दिलेत, घेतलेत, वही आहे माझ्याजवळ. आता माझ्या घरचं कार्य बारा माणसांत? लोकांचं देणं कामून बुडवू?" जातीचा शब्द त्यांनी काढला नाही; तो त्या वहीच्या आड होता हे दोघांनाही कळत होते. पण वहीदेखील खोटी नव्हती. बारा माणसांच्या लग्नाचे कौतुक करणाऱ्यांना या देण्याघेण्याचे ओझे दिसत नाही, असे माझे मत आहे.

नोटीस लागली. दादा महिनाभर कचेरीच्या रस्त्याने गेले नाहीत.

इकडे आम्ही तयारीला लागलो. नोंदणीच्या लग्नाला मुहूर्त लागत नाही म्हणून मी पंचांग मिटून ठेवले, तर मुलाच्या आत्याने फोनवरून ते पुन्हा उघडायला लावले. "मुहूर्त नको, पण तिथी बघा. वाळू किती उरेल ते कळायला हवं!" कोकणात एक साधे गणित आहे: तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, म्हणजे मावळतीला लग्न लावाल तर लाट पाटाखाली. पौर्णिमेला सव्वाअकरा, त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी, म्हणजे साडेपाचच्या सुमारास पुळण दूरवर मोकळी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण मोठे, तशी ओहोटीही मोठी. म्हणून त्रिपुरी पौर्णिमा ठरली. समुद्रापासून रस्त्याने पाचशे किलोमीटरहून लांब राहणाऱ्या मला हे गणित इतके आवडले की, मी आठवडाभर हिंगोलीत बसून रोजची भरती काढीत होतो.

तुळशीचे लग्न लागल्यावर दुसऱ्या दिवशी कचेरी. तीन साक्षीदार लागतात. एक मी, एक मुलाचा बँकेतला सोबती. तिसरी सही करायला वहिनी स्वतः आल्या, एकट्या, रिक्षाने. कायद्याप्रमाणे दोघांनी अधिकाऱ्यासमोर आपल्याला समजेल त्या भाषेत एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचे म्हणायचे असते. पुतणीने ते मराठीत म्हटले. शाळेत हजेरी घ्यावी तसा खणखणीत आवाज! वहिनींनी पिशवीतून वसमतच्या हळदीची पुडी काढून तिच्या हाती दिली. "समुद्रावर न्या. यांनी आणलीय, पण सांगू नको म्हणालेत."

गुहागरला आम्ही अकरा जण पोचलो. सुरूच्या झाडांपलीकडे वाळू खरोखरच दूरवर उघडी पडली होती. आत्याचे गणित चुकले नाही. ती हळद तेथे लागली. बारावी खुर्ची मांडली होती, तिच्यावर कोणीतरी ओले पंचे वाळत टाकले.

पौष संपल्यावर दादांनी हिंगोलीत पंगत घातली. सहाशे पाने उठली. पत्रिकेवर जावयाचे नाव होते, त्याच्या गावाचेही होते. 'आहेर आणू नये' असे खाली छापले होते, तरी दादा वही घेऊन दाराशी बसले होते, आणि प्रत्येक नावापुढे आनंदाने फुली मारीत होते.