एकाच घटकेची दिवाळी

सण म्हटला की पंचांग आले, आणि पंचांग म्हटले की वेळेचा काटेकोर आग्रह आला. अभ्यंगस्नान सूर्योदयापूर्वी व्हावे, लक्ष्मीपूजन प्रदोषकाळी व्हावे, भाऊबीजेचे ओवाळणे दिवेलागणीनंतर व्हावे. या आग्रहामागे शास्त्र आहेच. पण त्याहून मोठा असा एक लोकव्यवहारही आहे. एका मुलखातील थोरामोठ्यांनी, गरीब-श्रीमंतांनी एकच गोष्ट एकाच वेळी करावी, म्हणजे आपण एकमेकांचे आहोत याची खूण पटते. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात या पंचांगात एका नव्या घटकेची भर पडली. ती कोणा शास्त्रीबुवांनी काढलेली नव्हती. आकाशवाणीच्या, आणि पुढे दूरदर्शनच्या, कार्यक्रमपत्रिकेत ती छापलेली असे. दिवाळीच्या विशेष कार्यक्रमाची ती घटका होय.

आज साठी ओलांडलेल्या पिढीला दिवाळी जवळ आली की त्या कार्यक्रमांची आठवण होते, आणि ‘हल्ली तसे काही पाहायला मिळत नाही’ हा उद्गार हमखास ऐकू येतो. ही हळहळ खोटी नाही. मात्र ती बहुधा मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यातून व्यक्त झालेली असते. हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यात असलेल्या कुरुंदा या गावी उभे राहून तिच्याकडे पाहिले, तर तिचे निराळेच रूप दिसते.

प्रथम या कार्यक्रमांचे कूळ पाहू. थोडे गाणे, थोडे नाट्य, एखादे प्रहसन, एखादी कविता आणि शेवटी मांगल्याचा एखादा सूर, अशी मिसळण मराठी माणसाला दूरचित्रवाणीने शिकविलेली नाही. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून सणाच्या निमित्ताने कथा, कविता, चित्रे आणि विनोद एका ताटात वाढण्याची आपल्याकडे रीत पडली. हेच ताट पुढे आकाशवाणीने आवाजातून वाढले, आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झाल्यावर ते पडद्यावर आले. विनायक चासकर यांच्या ‘गजरा’ या कार्यक्रमाचे नाव या दृष्टीने मोठे समर्पक होते. निरनिराळ्या फुलांची एकत्र गुंफण, हेच तर त्या साऱ्या कार्यक्रमांचे सूत्र होते. १९७३ साली सिंहगडावरील पुनःप्रक्षेपण केंद्रामुळे पुण्यालाही मुंबईचे चित्र दिसू लागले, आणि या दोन शहरांच्या सणात पडद्याला पाटाशेजारी जागा मिळाली.

परदेशातही हेच घडत होते. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये नाताळच्या दिवसांत गाण्याचे व विनोदाचे खास कार्यक्रम होत. बिंग क्रॉस्बी या गायकाचा १९७७ सालचा नाताळचा कार्यक्रम त्याच्या मृत्यूनंतर दाखविला गेला, आणि दिवंगत गायकाचा आवाज घरोघर सणाचे गीत गाताना ऐकू आला. त्याच वर्षी बीबीसीवर मॉरकम आणि वाइज या विनोदी जोडीचा नाताळचा कार्यक्रम दोन कोटींहून अधिक लोकांनी पाहिला, असे सांगतात. तेथील वृद्ध मंडळीही आज तसेच हळहळतात. म्हणजे ही रुखरुख एका देशाची नव्हे, एका काळाची आहे. वाहिन्या मोजक्या होत्या, कार्यक्रम एकदाच होत असे, आणि चुकला तो चुकलाच!

आता कुरुंद्याकडे वळू. टोकाईच्या डोंगराजवळचे हे गाव. ‘कुरुंदकर’ हे आडनाव ज्या गावावरून पडले तेच हे. भूतकाळाकडे भाबडेपणाने पाहू नये, असे आयुष्यभर परखडपणे सांगणारे विचारवंत नरहर कुरुंदकर यांच्या नावात हे गाव कायमचे जाऊन बसले आहे. त्यामुळे येथे गतकाळाचे गोडवे गाताना तरी जरा जपून बोलावे लागते!

१९७२ साली मुंबईच्या पडद्यावर रंगमंच उजळला, तेव्हा कुरुंदा परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. त्या वर्षी मराठवाड्यापुढे प्रश्न होता तो दुष्काळाचा. दूरचित्रवाणी ही ऐकीव गोष्ट होती. शहरी वाचक ज्या ‘गजरा’च्या आठवणीने आज व्याकूळ होतो, तो कार्यक्रम त्या काळी या भागात पोचतच नव्हता. मुंबईच्या प्रक्षेपणाची हद्द घाटाच्या आसपास संपत असे, आणि गोदावरीच्या खोऱ्यातील मराठी माणसाने त्या मराठी दिवाळीचे वर्णन फार तर वर्तमानपत्रात वाचावे, अशी स्थिती होती.

येथली सणाची घटका वाजत असे ती रेडिओवर. रेडिओचा वार्षिक परवाना टपाल कार्यालयातून घ्यावा लागे. ज्यांच्या घरी रेडिओ, त्यांच्या ढाळजेत पहाटेच माणसे जमत. नरकचतुर्दशीच्या पहाटे आकाशवाणीवर सनई लागे, त्यामागून नरकासुरवधाचे कीर्तन. एकीकडे चुलीवर पाण्याचा हंडा, उटण्याचा वास, कुडकुडणारी मुले. आणि दुसरीकडे माळवदाखालच्या कोनाड्यातून येणारा तो कीर्तनकाराचा खणखणीत आवाज. असुर मरेपर्यंत पहिली आंघोळ उरकली पाहिजे, अशी घाई घरोघर असे. त्याच क्षणी रत्नागिरीत, नागपुरात, सोलापुरातही कोणी तरी याच घाईत आहे, ही जाणीव मनात कोठे तरी असे आणि ती सुखावणारी असे.

आकाशवाणीने हे सामर्थ्य त्याआधीच सिद्ध केले होते. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची शब्दरचना, सुधीर फडके यांचे संगीत, आठवड्याला एक नवे गीत, अशी एकंदर छप्पन्न गीते वर्षभर चालली. त्या वर्षी कुरुंदा हैदराबाद राज्यात होते, पुणे मुंबई राज्यात होते, आणि नागपूर तिसऱ्याच राज्यात. नकाशावर मराठी मुलूख तीन तुकड्यांत विभागलेला असताना त्याच्या भाषेतील एक सण हवेतून घराघरांत शिरत होता. सणाच्या प्रक्षेपणाचे मोल मोजायचे तर या उदाहरणावरून मोजावे.

मग पडदा येथेही आला. १५ ऑगस्ट १९८२ रोजी राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. ३० ऑगस्ट १९८३ रोजी ‘इन्सॅट-१ बी’ हा उपग्रह अवकाशात गेला, आणि १९८४ साली देशभर छोटी प्रक्षेपणकेंद्रे इतक्या झपाट्याने उभी राहिली की काही महिने सरासरी दिवसाला एक केंद्र सुरू होत होते. शंभर वॅटचे ते केंद्र. त्याचा पल्ला शहर आणि भोवतालच्या काही कोसांपुरता. त्यापलीकडच्या खेड्यात चित्र हवे असेल तर उंच बांबूला अँटेना बांधावी लागे, आणि एकाने माळवदावर चढून ती फिरवीत ‘आले का?’ म्हणून विचारावे, दुसऱ्याने खालून ‘गेले, गेले!’ म्हणून ओरडावे, असा सोहळा चाले. वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी जोडून संच चालविणारेही हिकमती लोक होते.

पण या पडद्यावर दिसले काय? दिसली ती दिल्ली. ही छोटी केंद्रे उपग्रहावरून येणारा राष्ट्रीय कार्यक्रम पुढे पोचवीत, आणि तो प्रामुख्याने हिंदी होता. मुंबईचे मराठी कार्यक्रम उपग्रहाच्या द्वारे राज्यभर दिसू लागण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. ‘हम लोग’ (१९८४) येथे पोचले, २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी ‘रामायण’ पोचले, वर्षअखेरच्या रात्रीचे दिल्लीचे रंगारंग कार्यक्रम पोचले. मात्र मराठी दिवाळी मागे राहिली. निजामी राजवटीत ज्या मुलखाने आपल्या भाषेत शिकण्यासाठी झगडा दिला, त्या मुलखाच्या ओसरीवर नवे यंत्र आले ते दुसऱ्या भाषेत बोलत आले. कोणी त्याबद्दल मोर्चा काढला नाही, कारण चित्र दिसते आहे याचाच आनंद मोठा होता. आज मात्र ‘आपल्या सर्वांच्या त्या जुन्या मराठी कार्यक्रमांची’ आठवण काढली जाते, तेव्हा या ‘सर्वांत’ अर्धा महाराष्ट्र नव्हता, हे नमूद करणे भाग आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. गावात संच एक-दोन घरी, त्यामुळे सारे गाव एकत्र बसे, असे मोठ्या प्रेमाने सांगितले जाते. बसे, हे खरे. पण कोण कोठे बसे? पुढे मानाची मंडळी, मागे गडीमाणसे, दाराआड बायका, आणि अंगणाच्या कडेला, क्वचित कुंपणाबाहेर, ज्यांना घरात येण्याची मुभा नव्हती त्या वस्त्यांतील मुले. अनेक खेड्यांतले हे चित्र होते. ग्रामपंचायतीचा संच चावडीत लागला तेथे ही उतरंड थोडी सैल झाली, सर्वत्र नव्हे. म्हणून, एका संचाभोवतीचे ते गाव परत यावे, असे म्हणताना ते जसेच्या तसे यावे, असे म्हणता येणार नाही. घरोघर संच आले तेव्हा ज्यांच्या वाट्याला कुंपण आले होते त्यांना प्रथमच आपल्या घरात, आपल्या पाटावर बसून दिवाळीचा कार्यक्रम पाहता आला. हा लाभ लहान नव्हे.

मग गमावले ते काय? १९९१-९२ मध्ये केबल आली, २ ऑक्टोबर १९९२ रोजी ‘झी’ वाहिनी सुरू झाली, १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ आणि २००० मध्ये ‘ई टीव्ही मराठी’ आल्या. त्याच वर्षी मुंबई दूरदर्शनच्या मराठी वाहिनीला ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले. मराठवाड्याच्या घरात अखेर भरपूर मराठी पोचली, आणि दिवाळीचे कार्यक्रम एकाऐवजी दहा झाले. आता तर प्रत्येकाच्या खिशात पडदा आहे. आजोबांचे कीर्तन निराळे, नातवाचे गाणे निराळे, आणि दोन्ही हवे तेव्हा, हवे तितक्या वेळा. कार्यक्रम उणे झाले नाहीत, त्यांचा दर्जाही सरसकट घसरला असे म्हणणे अन्यायाचे होईल. उणी झाली ती घटका. मार्च २०२० मध्ये सारा देश घरात कोंडला गेला असता दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखविले, आणि ज्यांना ते केव्हाही पाहता आले असते त्यांनीही ठरल्या वेळी पडद्यापुढे बैठक मारली. दूर राहिलेल्या मुलाबाळांसह आपण एकच गोष्ट पाहतो आहोत, हा दिलासा लोकांना हवा होता.

त्या जुन्या कार्यक्रमांपैकी किती तरी आज कोठेही उरलेले नाहीत. चित्रफीत महाग असे. जुना कार्यक्रम पुसून त्याच फितीवर नवा उतरविण्याची रीत बीबीसीसारख्या संस्थेतही होती, आपल्याकडेही होती. जे उरले आहे ते पाहणाऱ्यांच्या स्मरणात आहे, आणि ती माणसे दर दिवाळीला थोडी थोडी कमी होत आहेत. रेडिओभोवतीची पहाट कशी असे, पहिला संच कोणाच्या घरी आला, कुंपणाबाहेरून पाहणाऱ्याला काय दिसे, हे विचारून लिहून ठेवण्याचे काम यंदाच्या सुट्टीत एखाद्या शाळकरी मुलालाही करता येईल.

आणि घटकेचे काय? तिच्यासाठी प्रक्षेपणकेंद्राची गरज नाही. पडदा येण्याच्या कितीतरी आधीपासून मराठवाड्यात वसुबारसेपासून गुराख्यांची पोरे लव्हाळ्याची दिवटी पेटवून दारोदार गाई-म्हशी ओवाळीत, गाणी म्हणत, आणि घरधनीण दिवटीत तेल घाली. ती मुले गावातलीच, गाणे तोंडपाठ, कार्यक्रम प्रत्येक दारी तोच. शहरांनी ‘दिवाळी पहाट’ म्हणून मैफली सुरू केल्या आहेत. खेड्याने तिकीट लावून गवई बोलवावा असे नाही. पाडव्याच्या पहाटे गावातलेच भजनी मंडळ, शाळेतलीच मुले आणि दिवटीची गाणी अजून ज्यांच्या ओठांवर आहेत अशा आजीबाई मारुतीच्या पारावर बसल्या, आणि या खेपेला सतरंजी अशी अंथरली की कोणालाही कुंपणाबाहेर उभे राहावे लागू नये, तर जुन्या कार्यक्रमांत जे खरोखर मोलाचे होते ते हाती लागेल. जे खुपणारे होते ते मागे राहील.

खरिपाची रास घरात आली आहे, कापसाची वेचणी चालू आहे, चाकरीला गेलेली पोरे एसटीने परतत आहेत. तेवढी पहाटेची वेळ कोणी तरी ठरवावी, आणि आदल्या रात्री गावात दवंडी द्यावी.