फोमचे विमान घरच्या टेबलावर घडते; आकाश मात्र मोजकेच

चेन्नई : मद्रासच्या माउंट रोडवर हॉटेल चालविणारे जाकोमो दांजेलिस यांनी १९१० मध्ये स्वतःच्या आराखड्यानुसार एक विमान तयार करविले. घोडागाड्या बांधणाऱ्या सिम्पसन कंपनीच्या कारखान्यात ते आकाराला आले आणि त्याच वर्षी पल्लावरम येथे त्याचे उड्डाण झाले. आज त्या पल्लावरमला लागूनच चेन्नईचा आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. जेथे हौसेखातर बांधलेले खरेखुरे विमान उडाले, तेथे घरी बनविलेले अर्धा-पाऊण किलोचे फोमचे विमान हवेत सोडण्यासही केंद्र सरकारची परवानगी लागते.

असे असले तरी रेडिओ नियंत्रणावर उडणारी विमाने बांधण्याचा छंद या शहरात चांगलाच रुजला आहे. क्रोमपेट येथील मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही १९४९ साली स्थापन झालेली संस्था. माजी राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी वैमानिक अभियांत्रिकीचे शिक्षण येथेच घेतले. याच संस्थेच्या ‘दक्ष’ या विद्यार्थी चमूला तमिळ चित्रपट अभिनेते अजित कुमार यांचे मार्गदर्शन लाभले होते. अजित कुमार स्वतः मॉडेल विमानांचे जुने हौशी आहेत. २०१८ मध्ये या चमूने ऑस्ट्रेलियातील मानवरहित विमानांच्या स्पर्धेत दुसरे स्थान मिळविले. अशा चमूंतील अनेक विद्यार्थ्यांची सुरुवात मात्र फोमचा पत्रा, चार छोट्या मोटरी आणि ग्लू गन यांपासूनच झालेली असते.

हे विमान खेळण्यासारखे दिसते, पण खेळण्यासारखे वागत नाही. मिनिटाला हजारो फेरे घेणारा पंखा, क्षणात मोठा विद्युतप्रवाह देणारी बॅटरी आणि शंभर मीटरवरून हातातील दांड्यांच्या हालचालीवर चालणारी यंत्रणा त्यात असते. ते पडण्याची कारणे बहुधा जमिनीवरच तयार झालेली असतात. सैल जोड, उलटी फिरणारी पट्टी, मागे सरकलेले वजन. म्हणून पहिल्या उड्डाणापेक्षा त्याआधीच्या आठवड्याला महत्त्व अधिक.

नवशिक्याने सुरुवात करावी ती पंख धडाच्या वर असलेल्या विमानाने. एक मीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद पंख, त्याची दोन्ही टोके किंचित वर उचललेली, आणि सर्व साहित्यासह सुमारे ६०० ग्रॅम वजन, हे मोजमाप सोयीचे ठरते. वजन खाली आणि पंख वर असल्याने व टोके उचललेली असल्याने विमान एका बाजूला कलले तरी सरळ होऊ पाहते. सहाशे ग्रॅमचे असे विमान हवेत टिकण्यासाठी ताशी साधारण २५ किलोमीटर वेग पुरतो. फाजील डिंक, जाड तारा आणि मोठी बॅटरी यांमुळे वजन ९०० ग्रॅमवर गेले, तर हाच किमान वेग ताशी ३० किलोमीटरवर जातो. वजन दीडपट आणि वेग सव्वापट झाल्याने जमिनीवर आदळतानाची ऊर्जा सव्वादोन पट होते. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा हे या छंदातील पहिले साधन मानावे ते यासाठी.

फोमच्या जातीही अनेक. सजावटीचा थर्माकोल स्वस्त व हलका, पण त्याचे मणी सुटतात आणि पातळ तुकडा चटकन मोडतो. डेप्रॉन नावाने ओळखला जाणारा दाट, गुळगुळीत पत्रा ३ किंवा ६ मिलिमीटर जाडीचा घेतल्यास ब्लेडने स्वच्छ कापला जातो. फलकांसाठी वापरला जाणारा सनबोर्ड हाताला मजबूत वाटतो, म्हणून पुष्कळांची पसंती त्यालाच मिळते; मात्र एवढ्या लहान विमानाला तो जड पडतो. पंखाला वाकू न देणारा कणा हवा. कार्बन तंतूंची नळी उत्तम, पण सरळ पेरांची बांबूची कामटी किंवा चिकटपट्टीने बांधलेली लाकडी पट्टी पहिल्या विमानाला पुरेशी आहे.

चिकटविताना खरी फसगत होते. झटपट चिकटणारा नेहमीचा डिंक आणि चप्पल-बुटांसाठी वापरले जाणारे रबरी चिकटद्रव्य थर्माकोल व डेप्रॉनला अक्षरशः खाऊन टाकतात. तासाभरात पंखाला खड्डे पडलेले दिसतात. फोमला न विरघळविणारा खास डिंक वापरावा, नाहीतर ग्लू गन कमी तापमानावर ठेवावी. पांढरा, पाण्यात मिसळणारा डिंक निर्धोक आहे, पण चेन्नईच्या दमट हवेत तो सुकायला रात्रभरही पुरत नाही. कोणताही डिंक आधी टाकाऊ तुकड्यावर लावून पाहणे शहाणपणाचे.

सांगाडा उभा राहिला की विजेची बाजू सुरू होते. येथे चार गोष्टी एका साखळीत येतात: बॅटरी, वेगनियंत्रक, मोटर आणि रिसीव्हर. तीन कोशांची लिथियम पॉलिमर बॅटरी ११.१ व्होल्टची म्हणून विकली जाते. पूर्ण भरल्यावर तिचा दाब १२.६ व्होल्ट असतो. मोटरवर ‘१००० केव्ही’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ हजार किलोव्होल्ट नव्हे. भार नसताना दर व्होल्टमागे मिनिटाला हजार फेरे, असा तो आकडा आहे. ११.१ व्होल्टवर ती मोटर मोकळी फिरली तर मिनिटाला सुमारे ११,१०० फेरे घेईल. पंखा लावल्यावर अर्थातच कमी. ती १२ अँपिअर खेचत असेल तर शक्ती १३३ वॉटच्या आसपास येते आणि ६०० ग्रॅमच्या विमानाला ती भरपूर होते. वेगनियंत्रक मात्र १२ अँपिअरचा घेऊन चालत नाही. गरजेच्या दुपटीच्या जवळचा, म्हणजे ३० अँपिअरचा, घेतल्यास तो तापत नाही. पंखा मोठा केला की प्रवाह झपाट्याने वाढतो. मोटर जळण्यामागे अनेकदा मोटरचा दोष नसतोच, कोणीतरी हौसेने बसविलेला मोठा पंखा असतो.

जोडणीत दोन प्रकारच्या तारा आहेत आणि त्यांच्याशी वागण्याची रीत वेगळी आहे. बॅटरीपासून वेगनियंत्रकापर्यंतच्या लाल व काळ्या तारांत चूक अजिबात चालत नाही. धन-ऋण उलटे झाले तर नियंत्रक त्याच क्षणी निकामी होतो. नियंत्रकापासून मोटरकडे जाणाऱ्या तीन तारांचे तसे नाही. त्या कशाही जोडाव्यात. मोटर उलटी फिरली तर त्यांतील कोणत्याही दोन अदलाबदल कराव्यात, दिशा बदलते. प्रत्येक उघडा जोड उष्णतेने आवळणाऱ्या नळीने झाकला पाहिजे. बॅटरीचा जोड बदलताना तिच्या दोन्ही तारा एकाच कात्रीत धरून कापणे ही सर्वांत धोकादायक घाई होय, कारण कात्रीचे पाते दोन्ही टोके एकत्र जोडते आणि ठिणगीबरोबर पाते वितळू लागते. एक तार कापावी, झाकावी, मगच दुसरीला हात लावावा.

रिसीव्हरकडे जाणाऱ्या बारीक तारा तीन-तीनच्या जुडीत येतात: तपकिरी किंवा काळी ऋण, मधली लाल धन, आणि नारिंगी किंवा पांढरी संदेशाची. पंखांवरील पट्ट्या, शेपटीची आडवी पट्टी आणि उभे सुकाणू हलविणाऱ्या नऊ-नऊ ग्रॅमच्या छोट्या मोटरींना सर्व्हो म्हणतात. त्यांना संदेश मिळतो तो स्पंदनांच्या रूपात, सेकंदाला साधारण ५० वेळा. स्पंदन दीड सहस्रांश सेकंद टिकले तर सर्व्होची भुजा मध्यावर राहते. एक सहस्रांशाला एका टोकाकडे आणि दोन सहस्रांशाला दुसऱ्या टोकाकडे वळते. मोटरचा वेगही याच भाषेत सांगितला जातो. म्हणून वेगनियंत्रकाला आपल्या ट्रान्समीटरची किमान व कमाल मर्यादा एकदा शिकवावी लागते.

वेगनियंत्रकाची बारीक जुडी आणखी एक काम करते, ते सहज लक्षात येत नाही. ती बॅटरीचा दाब ५ व्होल्टपर्यंत उतरवून रिसीव्हरला व सर्व सर्व्होंना वीज पुरविते. स्वस्त नियंत्रकांत उरलेला दाब उष्णता होऊन जातो; सर्व्होंनी सरासरी अर्धा अँपिअर घेतला तरी सुमारे ३ वॉटची भट्टी फोमच्या बंद पोटात पेटलेली असते. चेन्नईच्या मे महिन्यात तिच्यावर हवा खेळती ठेवली नाही, तर पुरवठा खंडित होतो. मोटर थांबली तर विमान तरंगत उतरविता येते. रिसीव्हरच थांबला तर काहीच करता येत नाही. नियंत्रकासाठी धडात पुढे एक भोक आणि मागे त्याहून मोठे भोक ठेवणे हा फुकटचा उपाय आहे.

पूर्वी २७ किंवा ७२ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या संचांत दोघांची लहर एक झाली की एकाचे विमान दुसऱ्याच्या दांडीवर कोसळत असे. आजचे २.४ गिगाहर्ट्झचे संच सतत लहरी बदलतात आणि आपल्याच ट्रान्समीटरला ओळखतात. पण विमान नजरेआड किंवा फार दूर गेले तर काय करायचे, हे रिसीव्हरला आधीच सांगून ठेवावे लागते: संदेश तुटताच मोटर शून्यावर. ही तजवीज केलेली आहे असे गृहीत धरू नये. पंखा काढून ठेवावा, मोटर फिरत असताना ट्रान्समीटर बंद करावा आणि ती थांबते का ते डोळ्यांनी पाहावे. घरात केलेली प्रत्येक विद्युत चाचणी पंखा काढूनच झाली पाहिजे. सुरू करताना आधी ट्रान्समीटर, मग बॅटरी. बंद करताना आधी बॅटरी, मग ट्रान्समीटर.

पट्ट्यांची दिशा तपासताना विमानाच्या मागे उभे राहावे. दांडी उजवीकडे नेली की उजव्या पंखाची पट्टी वर गेली पाहिजे, डावीची खाली. दांडी स्वतःकडे ओढली की शेपटीची पट्टी वर. हे उलटे असेल तर विमान सावरण्याच्या प्रत्येक प्रयत्नाने अधिकच बिघडते.

यानंतर तोल. २० सेंटिमीटर रुंदीच्या पंखाचा गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून ५ ते ६ सेंटिमीटरवर असावा. पंखाखाली त्या ठिकाणी दोन बोटे टेकवून विमान उचलावे. नाक किंचित झुकले तर उत्तम. नाक जड असलेले विमान सुस्त वाटते, पण उतरविता येते. शेपूट जड असेल, तर हवेत जाताच ते नाक वर करते, वेग गमावते आणि कोसळते. तोल साधण्यासाठी नाकात शिसे भरण्यापेक्षा बॅटरी पुढे-मागे सरकविणे चांगले, म्हणून तिची जागा सर्वांत शेवटी पक्की करावी.

या बॅटरीची आग पाण्याच्या एका पेल्याने विझत नाही. फुगलेली वा आदळून दबलेली बॅटरी पुन्हा भरू नये. भरताना प्रत्येक कोश समान ठेवणारा चार्जर वापरावा, जवळ वाळू असावी आणि माणूस त्याच खोलीत असावा. प्रत्येक कोश ४.२ व्होल्टच्या वर जाऊ नये आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू नये. काही दिवस ठेवायची असेल तर ३.८ व्होल्टवर ठेवावी. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ती विसरणे चेन्नईत, किंवा नागपुरात, आगीला आमंत्रण आहे.

आता प्रश्न उरतो जागेचा. ड्रोन नियम, २०२१ यांत ‘विमान’ हा मानवरहित यंत्रांचा एक वर्गच आहे. त्यामुळे चार पंख्यांचे यंत्र नाही म्हणून नियम लागू नाहीत, ही समजूत चुकीची ठरते. २५० ग्रॅमपेक्षा जास्त आणि २ किलोपर्यंतचे विमान ‘मायक्रो’ गटात मोडते. अव्यावसायिक वापरासाठी त्याला वैमानिक परवाना लागत नाही; नोंदणी व ओळख क्रमांकाची तरतूद मात्र नियमांत आहे. कार्यरत विमानतळाच्या परिघापासून ५ किलोमीटरपर्यंत लाल क्षेत्र, ५ ते ८ किलोमीटर जमिनीपासूनच पिवळे क्षेत्र, आणि ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत हिरवे. लाल क्षेत्रात केंद्राची, तर पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. उल्लंघनाला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

चेन्नईच्या नकाशावर ही वर्तुळे काढली की दक्षिण भागाचे बहुतेक आकाश रंगून जाते. पल्लावरम, क्रोमपेट विमानतळाच्या कुशीत, पुढे तांबरमला हवाई दलाचा तळ. आकाशशास्त्र शिकविणारी जुनी संस्था लाल वर्तुळात असावी, हा योगायोग विलक्षण खरा. पुण्यात लोहगाव आणि मुंबईत भर वस्तीतला विमानतळ यांमुळे तेथील हौशींचीही गत हीच आहे. डिजिटल स्कायचा नकाशा पाहून शहराबाहेरचे, वीजवाहिन्या व रस्ता नसलेले, मालकाच्या संमतीचे मोकळे रान शोधण्याखेरीज इलाज नाही.

रान मिळाले तरी वेळ सकाळचीच निवडावी. उन्हाळ्यात दुपारकडे समुद्रावरून वारा सुटला की ताशी २५ किलोमीटरने तरंगणारे विमान जागच्या जागी लटकते किंवा मागे वाहत जाते. सूर्योदयानंतरचा पहिला तास बहुधा शांत असतो. वाऱ्याच्या तोंडाकडे पाहून, मोटर तीन चतुर्थांश वेगावर ठेवून, एका साथीदाराने विमान सपाट व सरळ ढकलावे. वर फेकू नये. पहिली दोन मिनिटे मोठी वर्तुळे घ्यावीत आणि उतरावे. १३०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी बेताने वापरल्यास दहाएक मिनिटे पुरते, पण पहिल्या खेपेस पाचव्या मिनिटाला विमान जमिनीवर असलेले बरे. उतरल्यावर मोटर, नियंत्रक आणि बॅटरीला बोट लावून पाहावे. बोट ठेववत नसेल इतके काही तापले असेल, तर पंखा लहान करून मगच दुसरे उड्डाण.