कॉलेजात पुस्तक हातोहात फिरते तेव्हा

शाळकरी भीमराव आंबेडकर मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचा. विल्सन हायस्कूलमधले शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर त्याच बागेत यायचे. दोघांची ओळख झाली ती पुस्तकांवरून. १९०७मध्ये भीमराव मॅट्रिक झाला, तेव्हा त्याच्या कौतुकासाठी भरलेल्या सभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याच्या हातात ठेवले. पुढे तो मुलगा एल्फिन्स्टन कॉलेजात गेला, तिथून परदेशी गेला. जवळजवळ पन्नास वर्षांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’साठी प्रस्तावना लिहिताना बाबासाहेबांनी त्या भेटीची आठवण आवर्जून नोंदवली.

केळुसकरांनी हुशार मुलांच्या वाचनाची यादी काढली नव्हती. त्यांनी एका मुलाला पाहिले, त्याची भूक ओळखली आणि एकच पुस्तक दिले. महाविद्यालयात आजही पुस्तके खऱ्या अर्थाने वाचली जातात ती बहुतेक अशीच. अभ्यासक्रमातले पुस्तक परीक्षेपुरते उघडले जाते. वसतिगृहातल्या खोलीत मित्राने उशीवर ठेवून दिलेले, तास संपल्यावर बाईंनी पर्समधून काढून दिलेले किंवा ग्रंथपालांनी देवघेव खिडकीतून ‘हे नेऊन बघ’ म्हणत सरकवलेले पुस्तक मात्र रात्र जागवते.

मराठी मुलखातल्या कॉलेजांत अशी हातोहात फिरणारी काही पुस्तके पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहेत. त्यांत पहिले नाव भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चे. १९६३मध्ये ही कादंबरी आली, तेव्हा लेखक पंचविशीत होता. खानदेशातल्या खेड्यातून पांडुरंग सांगवीकर पुण्याच्या कॉलेजात येतो, वसतिगृहात राहतो, गॅदरिंगच्या नि मेसच्या भानगडींत अडकतो, धाकट्या बहिणीच्या मृत्यूने आतून हलतो आणि शेवटी शिक्षण अर्धवट टाकून गावी परततो. गावाकडून शहरात शिकायला आलेल्या मुलाला पहिल्या सत्रात जे वाटते आणि जे कोणाला सांगता येत नाही, ते इथे त्याच्याच वयाच्या माणसाच्या तोंडून येते. म्हणूनच ‘कोसला’ शिक्षकांपेक्षा सिनियर मुले जास्त सुचवतात.

दुसरे पुस्तक याहून हलक्या चालीचे, पण तितकेच लाडके. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ १९८२मध्ये प्रकाशित झाली. पुण्यातला कॉलेजचा कट्टा, त्यावरची दोस्ती, भांडणे, प्रेमे आणि पोरकेपण तिच्यात आहे. २०१३मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला आणि आईबापांच्या पिढीची कादंबरी मुलांच्या हाती आली. समीक्षकांनी शिरवळकरांना बराच काळ दूर ठेवले, वाचकांनी कधीच नाही. आयुष्यात एकही मराठी कादंबरी पुरी न केलेल्या मुलाला ‘दुनियादारी’ देणारा मित्र मोठेच काम करत असतो. ती संपली की त्याच मुलाला मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ देता येते. आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या वर्गाची ही गोष्ट २००४ची आहे, आणि तिथून पुढचे वाचन आपोआप गंभीर वळणाला लागते.

पुस्तक सुचवताना वाचकाची मजल ओळखावी लागते ती अशी. वाचनाची सवय नसलेल्याला पहिल्याच दिवशी सहाशे पानांची कादंबरी दिली, तर ती बीटी कार्डावर मुदत वाढवत पडून राहते. त्याला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ द्यावी. १९५५चे हे छोटेखानी पुस्तक माणदेशातल्या धनगरवस्तीवर शाळा उघडायला गेलेल्या तरुण मास्तराचे आहे. बी.एड. करणाऱ्या मुलामुलींना तर ते आधीच द्यायला हवे. शाळेला विद्यार्थी कसे मिळवायचे आणि वस्तीने आपल्याला आपले कसे म्हणायचे, हे मास्तरापुढचे प्रश्न त्यांच्यापुढेही उभे राहणारच असतात.

सुचवणारा दुसऱ्या शाखेचा असला, तर गंमत आणखी वाढते. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ला १९९२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणात बुडालेल्या गावांच्या पुनर्वसनाची ही कहाणी मराठी विभागात वाचली जातेच, पण तिची खरी जागा स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. धरणाची भिंत किती उंच असावी, हे गणिताने शिकणाऱ्या मुलीला त्या उंचीच्या प्रत्येक मीटरमागे किती घरे जातात, हे कादंबरीच सांगते. तसेच कृषी महाविद्यालयाचे. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ शिकून बेकार राहिलेल्या शेतकऱ्याच्या मुलाची व्यथा मांडते. तिला २००४चा अकादमी पुरस्कार मिळाला. बियाणे, खते आणि बाजारभाव यांचा अभ्यास करणाऱ्यांना शेतकऱ्याच्या घरातली रात्र या पुस्तकात भेटते.

विज्ञान शाखेत दोन पुस्तके हमखास निघतात. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१चे. ग्रंथपालनाच्या व्यवसायातून आलेल्या या लेखिकेने गुलाम आईच्या पोटी जन्मलेल्या अमेरिकी कृषिशास्त्रज्ञाला मराठी घरांत आणले. टस्कीगीच्या निकृष्ट जमिनीत भुईमूग आणि रताळी लावायला शिकवणारा जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर लातूर-परभणीच्या मुलांना परका वाटत नाही. दुसरे पुस्तक जयंत नारळीकरांचे आत्मचरित्र, ‘चार नगरांतले माझे विश्व’. वाराणसी, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती चार नगरे. २०१४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले हे पुस्तक संशोधकाचे जगणे कसे असते ते समजावून देते. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने ते सुचवले, की एम.एस्सी.नंतर पुढे काय करायचे, या प्रश्नावर घरी बोलायला मुलांना आधार मिळतो.

वैद्यकीय महाविद्यालयांसाठी डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ आहे. तमाशात नाचणाऱ्या आईचा मुलगा डॉक्टर कसा झाला, हे त्यांनी तरुण वयातच लिहिले. त्याच्या जोडीला डॉ. प्रकाश आमटे यांचे ‘प्रकाशवाटा’ ठेवावे. १९७३मध्ये हेमलकसा इथे सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाची ही हकिकत, विजेशिवाय आणि रस्त्याशिवाय दवाखाना कसा चालवला याची. ग्रामीण भागातल्या सक्तीच्या सेवेवर निघालेल्या नव्या डॉक्टरच्या बॅगेत या दोन्ही पुस्तकांना जागा हवी.

एखादे आख्खे कॉलेजच परस्परांना पुस्तके सुचवू लागले, तर काय घडते? याचे उत्तर औरंगाबादच्या नागसेनवनात सापडते. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५०मध्ये तिथे कॉलेज सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेली, घरात पहिल्यांदाच अक्षर शिरलेली मुले इथे शिकली. अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन परतलेल्या डॉ. म. ना. वानखडे यांनी तिथल्या कृष्णवर्णीय लेखकांचे साहित्य या वर्तुळात आणले. आपल्यासारखेच कोणीतरी सातासमुद्रापार आपले जगणे लिहीत आहे, ही बातमी तरुण मुलांसाठी फार मोठी होती. याच परिसरात गंगाधर पानतावणे यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक उभे केले आणि पुढे कित्येक दशके चालवले. खेड्यापाड्यांतल्या नवख्या हातांना तिथे छापून येण्याची जागा मिळाली.

पुढच्या वीस वर्षांत दलित आणि भटक्या-विमुक्त समाजातल्या लेखकांनी मराठी गद्याचा चेहरा बदलला. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८मध्ये, लक्ष्मण मानेंचे ‘उपरा’ १९८०मध्ये, शरणकुमार लिंबाळेंचे ‘अक्करमाशी’ १९८४मध्ये, लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७मध्ये आले. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आणि उर्मिला पवारांचे ‘आयदान’ यांनी याच अनुभवाची बाईची बाजू मांडली. ही पुस्तके आज विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत आहेत. पण कॉलेजातल्या एखाद्या मुलीला ‘आयदान’ तिच्याच मैत्रिणीकडून मिळते, तेव्हा वाचून झाल्यावर दोघी बोलतात, आणि ते बोलणे प्रश्नपत्रिकेत मावणारे नसते.

आता कॉलेजांत मराठी न वाचू शकणारी मुलेही बरीच असतात. वसतिगृहात खोलीत केरळचा किंवा बिहारचा जोडीदार असतो. त्यालाही आपले आवडते पुस्तक देता येते. ‘कोसला’चा सुधाकर मराठे यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९९७पासून उपलब्ध आहे. जेरी पिंटो यांनी ‘बलुतं’ आणि सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ इंग्रजीत नेली. खोलीतल्या दोघांनी एकच पुस्तक दोन भाषांत वाचले, तर मराठी वाचणाऱ्यालाही आपल्या ओळखीच्या पानांकडे पुन्हा बघावेसे वाटते.

हे सगळे घडवून आणण्याचा विचार एका गणिताच्या शिक्षकाने फार पूर्वी केला होता. शियाळी रामामृत रंगनाथन मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत होते. १९२४मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यातली दोन इथे थेट लागू पडतात: प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. म्हणून त्यांनी मुक्तद्वार पद्धतीचा, म्हणजे वाचकाला कपाटापर्यंत जाऊ देण्याचा आग्रह धरला. आजही अनेक कॉलेजांत विद्यार्थी खिडकीबाहेर उभा राहून चिठ्ठीवर नाव लिहितो. नावच माहीत नसलेले पुस्तक तो मागणार तरी कसे?

महाराष्ट्रात डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी भाषणे होतात, फोटो निघतात. त्याऐवजी ग्रंथालयाच्या दाराशी एक फळा ठेवावा आणि प्राचार्यांपासून प्रयोगशाळा परिचरांपर्यंत, लेखनिकांपासून पहिल्या वर्षाच्या मुलांपर्यंत प्रत्येकाने एका पुस्तकाचे कार्ड लावावे. कार्डावर पुस्तकाचे नाव, ते कोणासाठी आहे, आपल्याला त्यातले काय लागले आणि ते कुठल्या कपाटात मिळेल, एवढे पुरे. खाली सुचवणाऱ्याची सही हवी. सही पाहून मुले त्या माणसाला गाठतात आणि पुस्तकावर बोलू लागतात.

फळ्यावरचे एक कार्ड दुसऱ्याकडे नेते. ‘झाडाझडती’ वाचलेल्याला कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ सांगता येते. २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या कादंबरीतही धरणामुळे उठलेली माणसे आहेत, आणि मागे जंगलात राहून गेलेली म्हैस आहे. ‘बारोमास’ आवडलेल्यासाठी देविदास सौदागर यांची ‘उसवण’ आहे. तयार कपड्यांच्या लाटेत काम हरवत चाललेल्या शिंप्याच्या या गोष्टीला २०२४चा अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. वाणिज्य शाखेच्या फळ्यावर तिचे कार्ड लावायला हरकत नाही.