नव्या अधिकाऱ्याची स्वतःची रीत

काल सहकाऱ्यांच्या पंक्तीत बसणारा मनुष्य आज त्यांच्याच रजेच्या अर्जांवर सही करू लागतो, तेव्हा कारभार कोणत्या रीतीने करावा हा प्रश्न त्याला प्रथम पडतो. मराठवाड्याने त्याची दोन उत्तरे दिली आहेत. नांदेडचे नगराध्यक्षपद भूषवून पुढे १९७५ साली मुख्यमंत्री झालेले शंकरराव चव्हाण करड्या शिस्तीमुळे ‘हेडमास्तर’ म्हणून ओळखले गेले. तर लातूरजवळच्या बाभळगावचे सरपंचपद सांभाळून १९९९ साली मुख्यमंत्रिपदावर पोहोचलेले विलासराव देशमुख हजरजबाबी, मनमिळाऊ वृत्तीने माणसे जोडीत गेले. स्वभाव भिन्न, परंतु दोघांचीही उमेदवारी लोकांच्या रोजच्या गरजांशी गाठ घालणाऱ्या स्थानिक संस्थेत झाली.

भिडस्त मनुष्याने कठोरतेचा आव आणला तर तो केवळ तुसडा ठरतो, आणि अबोल मनुष्याची उसनी विनोदबुद्धी कुणाला रुचत नाही. म्हणून नव्या अधिकाऱ्याने आरंभी हाताखालच्या प्रत्येकाशेजारी बसून त्याचे काम समजून घ्यावे, शाबासकी चारचौघांत द्यावी, कानउघाडणी एकांतात करावी, आणि आपल्या कोणत्या शब्दाने काम पुढे सरकले याची प्रामाणिक नोंद ठेवावी. अनुकरण थोरांच्या निष्ठेचे करावे. रीत मात्र आपल्या प्रकृतीतूनच घडवावी.